नर्सिंग होम बघताना मी काय तपासलं, आणि आत्याला ठेवल्यावर काय तपासते

आत्याला स्ट्रोक येऊन गेला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं हळूहळू बरंचसं परत आलं पण गिळायला त्रास व्हायला लागला, त्यात डायबेटिस जुना. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हिला चोवीस तास माणूस लागणार आणि तो ट्रेन्ड लागणार, कारण साधं पाणी पाजतानाही चुकलं तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आत्याने लग्न केलं नाही, तिचं जे कोणी आहे ते मी आणि दादा, आणि आम्ही दोघंही नोकरीवाले. घरी नर्स ठेवून बघितली, ती एक वेगळीच कथा आहे, शेवटी आत्याच म्हणाली की मला कुठेतरी नीट ठेवा, रोज नवीन माणूस हात लावतं ते मला नको झालंय. मग नर्सिंग होम शोधायला लागलो. म्हणजे ऑपरेशनवालं छोटं हॉस्पिटल नाही हां, जिथे आजारी म्हातारी माणसं कायमची राहतात आणि त्यांना नर्सिंग मिळतं तसलं. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की तू कसं ठरवलंस, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. लांबणार आहे, आधीच सांगते.

मी औषधाच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमचं आयुष्य लॉगबुक, सह्या आणि ऑडिट यातच जातं, त्यामुळे मला हे काम तसं ओळखीचं वाटलं, चेकलिस्ट घ्यायची, जायचं, टिक मारायचं. नेटवर अशा चेकलिस्ट ढिगाने मिळतात पण बहुतेक सगळ्या बिल्डिंगबद्दलच असतात, रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, बाग आहे का. वाचता वाचता डोनाबेडियन सापडले. अवेदिस डोनाबेडियन, डॉक्टर होते, त्यांनी १९६६ साली मांडलं की सेवेचा दर्जा तीन ठिकाणी शोधायचा, एक म्हणजे जागा, माणसं, साधनं. दुसरं, प्रत्यक्ष काम कसं करतात ते. तिसरं, त्याचा पेशंटवर परिणाम काय झाला. हॉस्पिटलच्या क्वालिटीवाल्यांना हे तोंडपाठ असतं. मला त्यातून एक गोष्ट लक्षात आली की कुठेही गेलं की लोक आपल्याला पहिली गोष्ट दाखवतात, दुसरी तोंडी सांगतात, आणि तिसरीबद्दल कोणी बोलतच नाही. म्हणून ठरवलं की तिसरीपासूनच सुरू करायचं, माणसांच्या अंगावर काय दिसतंय तिथून.

पहिलं ठिकाण एकदम चकाचक होतं. लॉबीत सोफे, भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांचे फोटो, रूम फ्रेशनरचा घमघमाट. दादा माझ्या कानात म्हणाला, "फायनल करून टाक." वासाबद्दल माझं मत असं की एखाद्या खोलीजवळ लघवीचा वास आला तर त्यात काही नाही, तिथे डायपर बदलायची वेळ झाली असेल, अर्ध्या तासाने परत तिथून जायचं आणि वास गेलाय का बघायचं. अख्ख्या मजल्यावर मुरलेला वास असेल तर मात्र तो आजचा नसतो. आणि सगळीकडे नुसता सेंटच येत असेल तर तिथे जरा जास्त वेळ थांबायचं.

तर मी थांबले. हॉलमध्ये टीव्हीसमोर व्हीलचेअरची रांग लावलेली. मी मॅनेजर मॅडमना सहज विचारलं, इथे असेही लोक असतील ना ज्यांना भेटायला कोणीच येत नाही? त्या म्हणाल्या, "असतात हो, काय करणार," आणि बोलता बोलता कोपऱ्यातल्या एका आजींकडे त्यांची नजर गेली. माझी तपासणी त्या आजींपाशीच झाली म्हणा ना. नखं वाढलेली आणि आत काळी, ओठ फाटलेले, जिभेवर पांढरा थर, चष्मा इतका मळलेला की त्यातून काय दिसत असेल देव जाणे, व्हीलचेअरला पाय ठेवायची पट्टी नाही त्यामुळे पाय लोंबकळत होते आणि सुजलेले होते. त्याच हॉलमध्ये दुसऱ्या एक आजी, ज्यांची मुलगी शेजारी बसली होती, त्या एकदम टापटीप. तेव्हाच माझं पक्कं झालं. ज्याच्या घरचे रोज येतात त्याच्याकडे कुठेही बरं लक्ष दिलं जातं, कारण भांडायला माणूस आहे. ज्याच्यासाठी कोणी भांडणार नाही त्याला कसं ठेवतात, ती त्या जागेची खरी लेव्हल. आणि आपला पेशंटही कधी ना कधी त्या रांगेत जातोच, आपण आजारी पडतो, बदली होते, नाहीतर नुसताच कंटाळा येतो, खरं सांगायचं तर. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी मी हेच केलं. कोणाच्या खोलीत डोकवायचं नाही, कोणाला हात लावायचा नाही, फोटो तर अजिबातच काढायचे नाहीत, पण हॉलमध्ये आणि जेवणाच्या जागी बसलेली माणसं दिसतातच ना. नखं, तोंड, चष्मा, पाय. कानातलं मशीन आहे पण बंद आहे का. अंगातले कपडे स्वतःचेच आहेत की लाँड्रीतून जे आलं ते चढवलंय.

मग बेडसोर. पडून राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे असं मला वाटतं. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं, म्हणजे जिथे हाड आणि गादी यांच्यात मांस कमी असतं तिथे दाब राहून रक्त पोचत नाही आणि कातडी मरायला लागते. पहिल्या स्टेजला नुसता लाल डाग दिसतो, बोटाने दाबून सोडलं तरी पांढरा होत नाही, लालच राहतो. तिथेच लक्षात आलं तर परत फिरतं. चौथ्या स्टेजला हाड दिसतं. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न दोन भागात विचारायचे, सध्या किती जणांना बेडसोर आहेत, आणि त्यातल्या किती जणांना ते इथे आल्यावर झाले? दुसरा भाग महत्त्वाचा, कारण बरेच पेशंट हॉस्पिटलमधूनच जखमा घेऊन येतात, त्याचा दोष यांच्यावर टाकता येत नाही. एका ठिकाणच्या सिस्टरने लगेच रजिस्टर काढून नावं हाताने झाकून दाखवलं, अमुक इतके, त्यातला एक इथला, टाचेवरचा, स्टेज दोन, आता भरत आलाय. दुसऱ्या एका ठिकाणी उत्तर आलं, "आमच्याकडे नसतात बेडसोर." बरं. रिस्क कशी काढता विचारलं, तर म्हणे अनुभवाने कळतं. याच्यासाठी ब्रॅडन स्केल नावाची साधी पद्धत आहे, संवेदना, ओलेपणा, हालचाल, आहार वगैरे सहा गोष्टींना मार्क द्यायचे, एकूण ६ ते २३ मध्ये येतात, जितके कमी तितका धोका जास्त आणि १८ किंवा खाली आलं की सावध व्हायचं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. अनुभव असावाच, पण रात्रीच्या ड्युटीला नवीन आलेल्या मुलीकडे तो कुठून येणार?

कागदांचं सांगते. आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात की लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. नर्सिंग होममध्ये मला त्याच्याही पुढचं बघावं लागलं, की लिहिलंय ते तरी केलंय का. पडून असलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात, त्याचा चार्ट पलंगाला लावलेला असतो. एका ठिकाणी मी सकाळी अकराच्या सुमाराला नमुना म्हणून चार्ट मागितला, नाव झाकून, तर त्यात दुपारी दोनपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या! सगळ्या एकाच पेनाने, एकाच हाताने, आणि वेळा बरोब्बर आठ, दहा, बारा, दोन. अहो, खरं काम करणाऱ्या माणसाच्या चार्टवर आठ दहा, दहा पंचवीस असलं काहीतरी असतं, मध्येच एखादा रकाना रिकामा असतो आणि बाजूला "पेशंट नको म्हणाले" असं लिहिलेलं असतं. फार सुंदर कागद दिसला की मला भीतीच वाटते. सिस्टर बिचारी ओशाळली, तिचं पण चुकतंय असं नाही, एका शिफ्टला तिच्यावर इतके पेशंट टाकलेले की तिने कूस बदलायची का सह्या करायच्या.

यावरून माझा आवडता प्रश्न. "गेल्या महिन्यात किती जण पडले?" म्हणजे फॉल. वयस्कर, औषधं चालू असलेली, रात्री टॉयलेटला उठणारी माणसं जिथे एकत्र राहतात तिथे कोणी ना कोणी पडतंच, कितीही काळजी घ्या. त्यामुळे "आमच्याकडे कोणीच पडत नाही" याचा अर्थ मी असा लावते की एकतर हे लिहून ठेवत नाहीत नाहीतर लोकांना उठूच देत नाहीत, आणि दोन्ही वाईट. मला पाहिजे असतं ते उत्तर असं की हो, अमुक जण पडले, कुठे, किती वाजता, आणि त्यानंतर आम्ही काय बदललं. एका मॅनेजरनी सांगितलं की आमचे बरेचसे फॉल पहाटे होत होते, लघवीला उठताना, म्हणून मग आम्ही पहाटे एक राऊंड वाढवला आणि पलंगाखाली मंद लाइट लावले. ते ऐकून मी दादाकडे बघितलं. ते ठिकाण दिसायला सगळ्यात जुनाट होतं, भिंतीचा रंग उडालेला, दादाचं तोंड आधीच वाकडं झालं होतं.

जेवणाच्या वेळेला जाणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा भाग. अपॉइंटमेंट घेऊन गेलं की बहुतेक अकरा नाहीतर चार वाजता बोलावतात, म्हणजे जेवण चुकतं. मी मुद्दाम जेवणाच्या आधी जाऊन रेंगाळायचे. आत्याला गिळायचा त्रास म्हणून मला बघायचं होतं की भरवतात कसं. एका ठिकाणी एक मावशी उभ्याने दोघांना भरवत होत्या, एक चमचा इकडे, एक तिकडे, आजोबांची मान वर करून, आणि तोंडातलं गिळून व्हायच्या आत पुढचा चमचा. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते आणि घास तिकडे जायची शक्यता वाढते. बरोबर पद्धत म्हणजे पेशंट सरळ बसलेला, हनुवटी किंचित खाली, भरवणारा त्याच्या समोर बसलेला, छोटा चमचा, गळ्याची हालचाल बघून मग पुढचा घास, आणि लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठलंय का ते शेवटी बघायचं. झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पदार्थ घट्ट करून द्यायला सांगितलं असेल तर किती घट्ट, आणि जेवण किती मऊ, याचीही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, एकूण ० ते ७ लेव्हल असतात, त्यातल्या ० ते ४ पातळ पदार्थांच्या. मी किचनमध्ये विचारलं की कोणाला कुठली लेव्हल हे तुम्हाला कसं कळतं. चांगल्या ठिकाणी भिंतीवर तक्ता होता. बाकी ठिकाणी "सिस्टर सांगतात." आणि सिस्टर सुट्टीवर असली की?

तिथेच अजून एक दिसलं, ग्लोव्हज. एकाचा डायपर बदलून तेच ग्लोव्हज घालून दुसऱ्याचं तोंड पुसायला जाणारी मुलगी मी डोळ्यांनी बघितली. तिला वाटत असणार आपण स्वच्छता पाळतोय, ग्लोव्हज घातलेत की! ग्लोव्हज तिच्या हाताला वाचवतात, पेशंटला नाही. दाराजवळचं सॅनिटायझरचं मशीन दाबून बघायचं, रिकामं असेल तर बाकीचं काय विचारायचं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असलेला कोणी दिसला तर पिशवी कुठे आहे बघायचं, ती मूत्राशयापेक्षा खाली पाहिजे पण जमिनीला टेकलेली नको. व्हीलचेअरवर बसवताना बरेच जण ती पेशंटच्या मांडीवर ठेवतात, म्हणजे आतली घाण परत वर.

औषधांवर मी जरा जास्तच वेळ घेतला, माझा प्रांत ना तो. पहिला प्रश्न, गिळता येत नसेल तर गोळ्या कशा देता? "सगळ्या एकत्र कुटून जेवणात मिसळतो" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं की हसावं का रडावं कळेना. काही गोळ्या दिवसभर हळूहळू सुटतील अशा बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की चोवीस तासांचं औषध एकदम रक्तात जातं. काहींवर पोटातल्या ॲसिडमध्ये विरघळू नयेत म्हणून वेगळं आवरण असतं. आम्ही ते आवरण नीट बसावं म्हणून तिकडे जिवाचं रान करतो आणि इकडे खलबत्ता! एकाच ठिकाणी सिस्टर म्हणाली की कुटायच्या नाहीत अशा गोळ्यांची यादी आमच्याकडे आहे आणि तसं असेल तर डॉक्टरांना विचारून सिरप किंवा दुसरं औषध घेतो. इन्सुलिनचा फ्रिज उघडून दाखवा म्हणलं, आत थर्मामीटर आहे का, २ ते ८ डिग्रीची नोंद आहे का, उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख आहे का, कारण बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर साधारण २८ दिवसच वापरायचं असतं.

दुसरा प्रश्न जरा नाजूक. शांत ठेवायच्या गोळ्या किती जणांना चालू आहेत? एका ठिकाणी सकाळी साडेअकराला अख्खा हॉल पेंगत होता. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे खूप शांत असतात." मला ती शांतता आवडली नाही. डिमेन्शियाच्या पेशंटला चिडचिड, ओरडणं होतं म्हणून मानसिक आजारावरची औषधं द्यायची पद्धत जुनी आहे, पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००५ साली त्यातल्या नव्या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला की डिमेन्शिया असलेल्या वयस्कर लोकांत यांनी मृत्यूचा धोका वाढतो, आणि २००८ साली जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू केला. कधी कधी ती द्यावी लागतात हे मला मान्य आहे, पण कोणी लिहिली, कशासाठी, आणि कमी करून कधी बघणार, याचं उत्तर फाइलमध्ये पाहिजे. तिकडे अमेरिकेत नर्सिंग होमसाठीच्या १९८७ च्या कायद्यातच लिहून ठेवलंय की स्टाफच्या सोयीसाठी पेशंटला बांधायचं नाही, दोरीनेही नाही आणि औषधानेही नाही. दोरी लगेच दिसते म्हणून तिच्याविरुद्ध लोक बोलतात. पुढे ट्रे अडकवलेली खुर्ची, जी पेशंटला स्वतःला उघडता येत नाही, तीही बांधणंच आहे. पलंगाच्या रेलिंगचं तर मला आधी माहीतच नव्हतं, आम्ही सगळे समजतो की रेलिंग म्हणजे सेफ, पण गोंधळलेला माणूस त्यावरून चढायला जातो आणि जास्त उंचावरून पडतो, किंवा गादी आणि रेलिंगच्या फटीत अडकतो, त्यात जीव गेलेले आहेत. म्हणून सरसकट सगळ्यांचे रेलिंग वर दिसले की विचारायचं, प्रत्येकाचा वेगळा विचार केलाय का.

बिल्डिंग, करार, डिपॉझिट, भेटायच्या वेळा वगैरे दादाने बघितलं, त्याला त्यात रस होता, मला नव्हता. एवढंच म्हणेन की भेटायच्या वेळा फार कडक असतील तर मला ते खटकतं.

न सांगता जाणं मात्र केलंच पाहिजे. शेवटी दोन ठिकाणं उरली होती, तिथे मी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी गेले, जेव्हा मॅनेजर नसतात. एका ठिकाणी वॉचमननेच आत सोडलं नाही, उद्या या म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी, त्या रंग उडालेल्या, सिस्टरनी सही घेतली, हात धुवायला लावले आणि म्हणाल्या, "बसा, माझा औषधांचा राऊंड चाललाय, मध्ये बोलता येणार नाही." मला ते फारच आवडलं, औषध देताना मध्ये बोललं की चुका होतात. रात्रपाळीला आलेल्या ब्रदरला विचारलं, आग लागली तर हे वरच्या मजल्यावरचे न चालणारे पेशंट खाली कसे नेणार, लिफ्ट तर वापरायची नाही? तो म्हणाला, खाली नाही मॅडम, आधी याच मजल्यावर त्या फायर डोरच्या पलीकडे न्यायचं, गादीसकट ओढत, आमची प्रॅक्टिस झालीय, आणि मागच्या दाराची किल्ली इथे लटकवलेली असते. बोटाने दाखवली. रात्री मजल्यावर किती जण, त्यात शिकलेली नर्स किती आणि मदतनीस किती, तुम्ही इथे किती वर्षं आहात, हे पण विचारून घेतलं. माणसं सारखी बदलत असतील तर कितीही ट्रेनिंग द्या, नवीन माणसाला माहीत नसतं की कोणत्या आजींना कोणत्या कुशीवर दुखतं.

दादा म्हणाला, "अगं पण रंग बघ ना भिंतीचा." मी म्हणलं दादा, तू लॉबीत राहणार आहेस का? आत्याला दोन्ही ठिकाणं दाखवली, व्हीलचेअरवरून, तिचं मत मुख्य. ती म्हणाली इथल्या बायका माझ्याशी बोलतात, तिथल्या तुझ्याशी बोलत होत्या. संपला विषय.

आता ठेवल्यानंतरचं. बऱ्याच जणांना वाटतं ॲडमिशन झाली की तपासणी संपली. पहिल्याच आठवड्यात मी गेले तर बेलचं बटण आत्याच्या उजव्या हाताला लावलेलं, जो हात हलतच नाही. चांगल्यातल्या चांगल्या ठिकाणी हे होतं, कारण पलंगाची जागा आधीच्या पेशंटच्या हिशोबाने होती. सांगितल्यावर लगेच बदललं. आता गेले की बेल तिलाच दाबायला सांगते आणि घड्याळ बघते, कोण किती वेळात येतं. मग चादर वर करून दोन्ही टाचा बघते. एकदा डाव्या टाचेवर लाली दिसली, दाबून बघितली तर जात नव्हती. मी सिस्टरना बोलवायच्या आधीच त्यांच्या वहीत सकाळची नोंद होती, टाचेखाली उशी अशी लावली होती की टाच हवेत राहील, आणि मालिश करू नये असं लाल पेनाने लिहिलेलं. लाल झालेल्या जागी चोळायचं नसतं, आतली कातडी अजून फाटते, आणि ते मधे भोक असलेले गोल रिंगचे कुशन पण आता वापरू नका म्हणतात. लाली गेली नंतर.

आणि आत्या पडली सुद्धा. संध्याकाळी व्हीलचेअरवरून घसरून खाली. मला लगेच फोन आला, काय झालं, किती वाजता सापडली, कोणी बघितलं नाही त्यामुळे डोकं आपटलंय असंच धरून चाललोय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून स्कॅनला नेतोय, तुम्ही थेट तिकडे या. स्कॅन चांगला आला. दादा चिडला होता, साहजिक आहे, बदलून टाकू म्हणाला. मी म्हणलं आधी त्यांचा रिपोर्ट बघू. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की खुर्चीचा ब्रेक लावलेला होता पण सीटवरचं कव्हर गुळगुळीत होतं, आणि पेशंटने सांगितलं की टॉयलेटला जायचं होतं, बेल दाबली, कोणी आलं नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं, आपल्याविरुद्ध. खाली काय बदललं तेही होतं, न घसरणारी मॅट टाकली, संध्याकाळी त्या वेळेला तिला आपणहून टॉयलेटचं विचारायचं, आणि ड्युटी बदलायची वेळ पंधरा मिनिटांनी पुढेमागे केली कारण दोन्ही शिफ्टचे लोक त्या वेळी हँडओव्हरला एका खोलीत बसायचे आणि बाहेर कोणीच नसायचं. मी आमच्या कंपनीत यापेक्षा वाईट इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट बघितलेत.

सध्या माझी काळजी वजनाची आहे. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर ते गंभीर समजतात, आत्या अजून त्याच्या आत आहे पण दर महिन्याला काटा थोडा थोडा खाली येतोय. तिला विचारलं तर म्हणते भूक नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या अहो भूक आहे, कवळी सैल झालीय, चावताना दुखतं म्हणून सोडून देतात. डेंटिस्टची वेळ घेतलीय. पुढच्या मीटिंगला वजनाचा चार्ट आणि रात्रपाळीला नवीन लागलेल्या दोन मुलींच्या ट्रेनिंगचा कागद असं दोन्ही मागितलंय. दादा म्हणतो तू त्या बिचाऱ्यांना ऑडिटरसारखी छळतेस. मॅनेजरना मी विचारलं की खरंच त्रास होतो का, तर ते म्हणाले येत जा हो, फक्त आत्यांच्याच टाचा बघू नका, शेजारच्या पलंगावर ज्या आजी आहेत त्यांचं कोणी नाही, त्यांच्याशी पण दोन शब्द बोलत जा आणि काही वेगळं दिसलं तर आम्हाला सांगा.